लग्नामुंजीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर उतरवताना

महाराष्ट्रातल्या घरांमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००० च्या आसपासपर्यंत झालेल्या लग्नांचे, मुंजींचे आणि साठीशांतींचे चित्रीकरण बहुतांशी व्हीएचएस कॅसेटींवर झाले. त्या कॅसेटी आज बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा टीव्हीखालच्या कपाटात पडून आहेत आणि त्या लावण्याचे यंत्र मात्र घरातून केव्हाच गेले आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये या यंत्राचे, म्हणजे व्हीसीआरचे, उत्पादन थांबवले, त्यानंतर नवे यंत्र बाजारात येण्याची शक्यताच उरली नाही. जी यंत्रे चालू आहेत त्यांचे हेड, म्हणजे फितीवरचे चित्र वाचणारी टोके, झिजत आहेत, रबरी पट्टे सैल पडत आहेत आणि ती दुरुस्त करणारी माणसेही कमी होत आहेत. आमच्या चिपळूणच्या घरातल्या तेरा कॅसेटी मी गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवल्या. त्या अनुभवावरून हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे घाई करू नये, ते येथे लिहितो.

आरंभीच एक भूमिका स्पष्ट केलेली बरी. ‘कॅसेटची डीव्हीडी करायची आहे’ असे आपण म्हणतो खरे, पण डीव्हीडी ही या कामातली शेवटची आणि सर्वांत सोपी पायरी आहे. तीस-पस्तीस वर्षांची फीत यंत्रात किती वेळा नीट चालेल याची खात्री देता येत नाही. त्यामुळे ती पहिल्यांदा नीट चालेल तेव्हाच शक्य तितक्या उत्तम प्रतीची मोठी फाइल संगणकावर घेऊन ठेवावी आणि मग त्या फाइलीपासून डीव्हीडी, फोनवर पाहण्याची छोटी फाइल असे जे हवे ते सावकाश करावे. थेट डीव्हीडी केली आणि पाच वर्षांनी ती चरे पडून बिघडली, तर पुन्हा त्या फितीकडेच जावे लागते, आणि तोवर फीत तशीच राहिलेली नसते.

कोणती कॅसेट उतरवायची

कॅसेट हातात घेतल्यावर ती कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखावे. मोठ्या आकाराची, अर्धा इंच रुंद फितीची काळी कॅसेट ही व्हीएचएस. जेव्हीसी कंपनीने ही पद्धत जपानमध्ये १९७६ साली आणली. तिचीच छोटी बहीण म्हणजे व्हीएचएस-सी, जी एका पोकळ साच्यात बसवून साध्या व्हीसीआरमध्ये लावता येते. ‘८’ हा आकडा छापलेली, ऑडिओ कॅसेटीएवढी जी कॅसेट असते ती व्हिडिओ-८ किंवा हाय-८ प्रकारची असते, आणि तिच्यासाठी असा साचा अस्तित्वातच नाही. अनेक जण तो दुकानोदुकानी शोधत फिरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. तिला त्याच जातीचा कॅमेरा लागतो. आगपेटीहून थोडी मोठी, चपटी कॅसेट असेल तर ती मिनी-डीव्ही. ती मुळातच डिजिटल असल्याने तिची वाट वेगळी आहे; तिच्याविषयी पुढे येईल.

यानंतरचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. हातातली कॅसेट मूळ चित्रीकरणाची आहे की मिक्सिंगची? त्या काळी लग्नाचे चित्रीकरण दोन-तीन कॅसेटींवर होई, मग स्टुडिओत त्याचे मिक्सिंग करून त्यावर बदामाच्या आकाराच्या चौकटी, उलटणारी पाने आणि चित्रपटगीते चढवली जात, आणि घरी येई ती या मिक्सिंगची प्रत. व्हीएचएसमध्ये एका फितीवरून दुसरीवर उतरवताना प्रत्येक वेळी चित्र धूसर होते, रंग कडेने ओघळतात आणि आवाजात खरखर वाढते, म्हणून प्रतीची प्रत उतरवण्यात अर्थ नाही. माझ्या आत्याच्या लग्नाच्या मिक्सिंगमध्ये सबंध पंगतीवर एकच गाणे वाजत होते. मूळ कॅसेट सापडली तेव्हा त्याच पंगतीत आजीने घेतलेला उखाणा आणि मागून कोणीतरी ‘मठ्ठा, मठ्ठा’ म्हणून दिलेली आरोळी ऐकू आली. तेव्हा मूळ कॅसेट घरात, काकांकडे किंवा वधूपक्षाकडे आहे का, याचा शोध आधी घ्यावा. दोन्ही मिळाल्या तर दोन्ही उतरवाव्यात, कारण मिक्सिंगमध्ये दुसऱ्या कॅमेऱ्याचे असे काही तुकडे असतात जे आपल्याकडच्या मूळ कॅसेटीत नसतात.

ज्यांनी २००० च्या आसपास कॅसेटची व्हीसीडी (सीडीवरचा व्हिडिओ) करून घेतली आणि आता काळजी मिटली असे मानले, त्यांनीही मूळ कॅसेट पुन्हा शोधावी. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते, म्हणजे डीव्हीडीवर मावणाऱ्या ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या चित्राचा जेमतेम चौथा हिस्सा. शिवाय ते इतके दाबलेले असते की अक्षता पडताना सगळा मंडप चौकोनांनी भरून जातो. आमच्याकडची एक कॅसेट अशीच एका स्टुडिओत व्हीसीडीसाठी दिली होती. व्हीसीडी घरी आली, आणि कॅसेट परत आणायचे कोणाच्या लक्षातच राहिले नाही. आता त्या मुंजीची फक्त ती चौकोनांची व्हीसीडी उरली आहे.

बुरशी

कोकणात, गोव्यात, मुंबईत किंवा जेथे जेथे पावसाळा घरात शिरतो तेथे व्हिडिओ फितीचा पहिला शत्रू बुरशी आहे. कॅसेटच्या वरच्या पारदर्शक खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड पाहावी. ती काळी, गुळगुळीत आणि एकसारखी दिसली पाहिजे. तिच्यावर पांढरे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा पिठासारखी भुकटी दिसली, तर ती कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. बुरशीची भुकटी हेडवर बसून चित्र जाते, फीत चिकटून तुटू शकते, आणि त्याच यंत्रात नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटींनाही बुरशीचे बीजाणू लागतात. एका खराब कॅसेटीपायी अख्खा संग्रह नासण्याचा हा सरळ मार्ग आहे.

बुरशी लागलेली कॅसेट आधी पूर्ण कोरडी करावी लागते, कारण ओली बुरशी पुसली की फितीवर फासली जाते आणि वाळलेली मात्र झटकली जाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ती काही दिवस ठेवावी. उन्हात ठेवू नये, उन्हाने प्लास्टिक आणि फीत दोन्ही वाकतात. नंतर तोंडाला मास्क व हातात मोजे घालून, घराबाहेर किंवा गॅलरीत, कॅसेटच्या तळाचे पाच स्क्रू काढावेत, आतील दोन्ही चाके उचलून गुंडाळीच्या कडा मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलक्या हाताने पुसाव्यात आणि ती चाके एखाद्या नको असलेल्या, स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवावीत. स्प्रिंग, छोटे रूळ आणि फितीचा मार्ग कोठून कसा जातो याचे छायाचित्र खोलताक्षणीच काढून ठेवावे. परत जोडताना ते लागतेच लागते. बुरशी गुंडाळीच्या आतपर्यंत गेलेली असेल, म्हणजे फितीच्या थरांमध्येही पांढरे दिसत असेल, तर हा प्रयोग घरी करू नये. ती कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी बांधून या कामातल्या जाणकाराकडेच द्यावी.

बुरशी नसलेल्या कॅसेटींचीही थोडी पूर्वतयारी असते. ती यंत्र ठेवलेल्या कोरड्या खोलीत एक दिवस राहू द्यावी, म्हणजे फितीवर दव धरणार नाही. कॅसेटच्या मागच्या कडेला असलेला छोटा प्लास्टिकचा तुकडा अजून शाबूत असेल तर तो स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाकावा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी वर काही छापले जाणार नाही. नंतर ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळावी. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहिलेल्या फितीचा ताण त्यामुळे सारखा होतो. गुंडाळताना आवाज जड येऊ लागला किंवा यंत्र मध्येच थांबले, तर जोर न करता कॅसेट बाहेर काढून तिचे कवच बदलावे.

फीत तुटलेली असेल तर साध्या चिकटपट्टीने जोडू नये, कारण तिचा गोंद उष्णतेने ओघळून थेट हेडवर जातो. फितीसाठीची खास जोडपट्टी मिळते, तीच वापरावी आणि ती फितीच्या आतल्या बाजूला लावावी. कॅसेटचे दार उघडल्यावर बाहेरून दिसणारी बाजू ही चित्र असलेली बाजू आहे, तिला बोटही लावू नये. तुटलेल्या जागेतली दोन-चार सेकंदे जातील. त्याला इलाज नाही.

यंत्र

चालू व्हीसीआर मिळवणे हे आज या कामातले सर्वांत कठीण पाऊल आहे. नातेवाइकांच्या माळ्यावर आधी शोधावे; तेथे न मिळाल्यास मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार अशा ठिकाणी किंवा जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळांवर तो मिळू शकतो. ‘चालू आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. आपल्याबरोबर एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट, जुन्या चित्रपटाची वगैरे, घेऊन जावे आणि ती लावून, पुढे-मागे गुंडाळून आणि बाहेर काढून पाहावे. बाहेर आलेल्या कॅसेटच्या दारात फीत लोंबत असेल, किंवा तिच्या कडेला बारीक चुण्या पडल्या असतील, तर ते यंत्र घेऊ नये. शक्य असल्यास हाय-फाय (अधिक स्वच्छ, स्टिरिओ) आवाजाच्या सोयीचे आणि एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या कॅसेटी लावू शकणारे यंत्र निवडावे.

एनटीएससीचा उल्लेख एवढ्यासाठी केला की अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने पाठवलेल्या कॅसेटी त्या पद्धतीच्या असतात. भारतातली पाल पद्धत ६२५ रेषांची आणि सेकंदाला २५ चित्रांची, तर अमेरिकेतली ५२५ रेषांची आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. जी यंत्रे अशी कॅसेट ‘पाल टीव्हीवर’ दाखवतात, त्यांच्याकडून बाहेर पडणारा संकेत (सिग्नल) या दोहोंच्या मधला असतो. टीव्ही तो चालवून घेतो, पण संगणकाला जोडलेले, चित्र आत घेणारे कॅप्चर उपकरण अनेकदा तो कृष्णधवल दाखवते किंवा नाकारते. यंत्रात खऱ्या एनटीएससीचे बटण असेल तर ते लावून, संगणकावरही तीच पद्धत निवडावी.

यंत्राचे हेड स्वच्छ करण्याची रीत एकदा शिकून घेण्यासारखी आहे. व्हीएचएसमध्ये हेड एका झुकलेल्या ड्रमवर बसवलेले असतात आणि पाल यंत्रात तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. हेडची टोके त्याच्या पृष्ठभागाबाहेर केसाहूनही कमी डोकावतात आणि तेवढ्याने फितीवरचे चित्र वाचतात. त्यामुळे ती चुकीच्या दिशेने घासली की मोडतात. यंत्राची पिन काढून, थोडा वेळ थांबून, वरचे झाकण उघडावे, आणि आत वीजपुरवठ्याचा जो भाग असतो त्याला हात लावू नये. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला पांढऱ्या कागदाचा तुकडा किंवा चामड्याचा बोळा ड्रमच्या बाजूला अगदी हलका, स्थिर टेकवून धरावा, आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवावा. फिरतो तो ड्रम, आपला हात हलत नाही, वर-खाली तर मुळीच नाही. कानात घालायच्या कापसाच्या काड्या येथे वापरू नयेत, त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात. फितीच्या मार्गातले स्थिर खांब पुसायला त्या चालतात. नेलपॉलिश काढण्याचे द्रव, पेट्रोल किंवा डेटॉल वापरणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर भंगारात गेलेली यंत्रेही पाहिली आहेत. झाकण लावण्यापूर्वी अर्धा तास सगळे वाळू द्यावे.

संगणकावर घेणे

व्हीसीआरच्या मागे पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगाची जी भोके असतात, त्यांतून चित्र आणि आवाज बाहेर येतो. त्यांना यूएसबीचे कॅप्चर उपकरण जोडले की संगणकाला चित्र मिळते. बाजारात अगदी स्वस्त उपकरणेही मिळतात आणि ती काम करतात, पण त्यांच्या एकाच नावाखाली आत वेगवेगळ्या चिप असतात आणि काही आवाज घेतच नाहीत, म्हणून परत करण्याची मुभा असेल तेथूनच घ्यावे. उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी एस-व्हिडिओची गोल वायर साध्या व्हीएचएस यंत्राला नसतेच. हाय-८ कॅमेऱ्याला असते आणि तेथे तिने चित्रात खरोखर फरक पडतो.

जुन्या फितीत आणखी एक अडचण असते, जी पहिल्या झटक्यात लक्षात येत नाही. फीत यांत्रिकपणे चालते, त्यामुळे चित्राची प्रत्येक रेषा ठरल्या क्षणापेक्षा किंचित आधी वा नंतर सुरू होते. परिणामी दाराची उभी चौकट किंवा मंडपाचा खांब लाटेसारखा वेडावाकडा दिसतो. जुन्या काचेच्या टीव्हीला हे खपत असे. डिजिटल उपकरण मात्र गोंधळते, मधली चित्रे गाळते, आणि तासाभरात ओठ आणि आवाज एकमेकांपासून सुटतात. यावर उपाय म्हणजे रेषांची वेळ जुळवणारा टाइम बेस करेक्टर. तो स्वतंत्र घेतला तर महाग पडतो, पण पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० व ईएस१५ यांसारखे काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये नुसते जोडून ठेवले तरी हे काम बऱ्यापैकी करतात, आणि ही युक्ती हौशी लोकांत चांगली प्रचलित आहे. तेवढ्याने आमच्या तेरापैकी अकरा कॅसेटींचा थरथराट थांबला. कधी कधी कॅप्चर उपकरण घरगुती कॅसेट ‘नक्कल-संरक्षित’ आहे असे सांगून अडून बसते. संकेत डळमळीत असल्याने त्याचा तसा गैरसमज झालेला असतो, आणि तोही याच उपायाने बहुधा दूर होतो.

संगणकावर व्हर्च्युअलडब हे मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी मी वापरतो. त्यात पाल पद्धत, ७२० गुणिले ५७६ बिंदू आणि सेकंदाला २५ चित्रे निवडावीत, चित्रासाठी हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ असे चित्रातले काहीही न गमावता फाइल लहान करणारे कोडेक घ्यावे आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. अशा फाइलीला तासाला साधारण ३० ते ४० जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांची ई-१८० कॅसेट शंभर जीबीच्या घरात जाते. हा आकडा ऐकून दचकायला होते, पण काम संपेपर्यंतच तेवढी जागा हवी असते. डिस्क एनटीएफएस पद्धतीची असावी, कारण जुन्या फॅट-३२ डिस्कवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि चित्रण मध्येच तुटते. कॅप्चर चालू असताना संगणकावर दुसरे काही करू नये, स्क्रीन-सेव्हर व झोपेची वेळ बंद ठेवावी, आणि ‘गाळलेली चित्रे’ हा आकडा शून्याजवळ राहतो आहे का हे अधूनमधून पाहावे.

प्रत्यक्ष उतरवण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे फीत चालवून ट्रॅकिंग, म्हणजे हेडचे फितीवरच्या नोंदीवर नेमके चालणे, जुळवावे. चित्राच्या वर किंवा खाली पांढऱ्या रेघांची पट्टी सरकत असेल तर स्वयंचलित ट्रॅकिंग बंद करून बटणाने पट्टी दिसेनाशी होईपर्यंत सरकवावी. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या तुकड्यांना वेगवेगळे ट्रॅकिंग लागते, म्हणून सकाळच्या सीमांतपूजनाला जे जुळले ते रात्रीच्या वरातीला जुळेलच असे नाही. तेथे तो भाग पुन्हा वेगळा घ्यावा. आवाज मधूनमधून तडतडत असेल तर यंत्राचा आवाज हाय-फायवरून साध्या मोनोवर न्यावा, कारण त्या काळच्या अनेक खांद्यावरच्या कॅमेऱ्यांनी आवाज फितीच्या कडेच्या साध्या पट्टीवरच नोंदवलेला आहे. उजेडाचीही पातळी पाहावी: हॅलोजनच्या झोतात नवरदेवाचे पांढरे उपरणे आणि कपाळ नुसते पांढरे होऊन जाते, आणि कॅप्चरच्या वेळी तेजस्विता थोडी कमी केली तर निदान फितीत असलेले तरी वाचते. चित्राच्या अगदी तळाशी दिसणारी फाटकी, लुकलुकणारी पट्टी हा मात्र दोष नाही. दोन हेडांची अदलाबदल तेथे होते, आणि जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जात असे.

फीत शेवटपर्यंत चालू द्यावी. लग्न संपले, निळा पडदा आला, म्हणून थांबवू नये. अर्ध्या रिकाम्या कॅसेटीवर पुढे कोणीतरी बारशाचा तुकडा, दूरदर्शनच्या बातम्या किंवा एखादी जाहिरात टिपून ठेवलेली असते. आमच्या एका कॅसेटीत वरातीनंतर चाळीस मिनिटांनी आजोबा अंगणात आंबे मोजताना सापडले.

मिनी-डीव्हीची वाट सोपी आहे. तिच्यावर चित्र आधीच आकड्यांत आहे, म्हणून ते पिवळ्या वायरीने घेण्यापेक्षा फायरवायर या डिजिटल जोडणीच्या वायरीने जसेच्या तसे उतरवावे. तासाला सुमारे १३ जीबी होतात आणि मूळ प्रतीत काहीही घट येत नाही. अडचण एवढीच की नव्या लॅपटॉपना फायरवायर नसते, त्यामुळे त्याचे कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप शोधावा लागतो. व्हिडिओ-८ व हाय-८ च्या कॅसेटी बाळगणाऱ्यांनी सोनीचा डिजिटल-८ कॅमेरा मिळतो का पाहावे, कारण त्यांतले बरेच कॅमेरे या जुन्या फिती वाचून तोच संकेत फायरवायरने डिजिटल करून देतात.

डीव्हीडी आणि इतर प्रती

मोठी फाइल हातात आली की डीव्हीडीसाठी तिचे एमपेग-२ या दाबलेल्या स्वरूपात रूपांतर करावे लागते. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तासाभराचे चित्रण तिच्यावर जवळजवळ सर्वोच्च प्रतीने बसते, दोन तासांचे सेकंदाला सुमारे ५ मेगाबिटवर चांगले दिसते, आणि तीन तास कोंबले तर अक्षता पडताना पुन्हा तेच चौकोन. तेव्हा तीन तासांची कॅसेट दोन डीव्हीडींवर घ्यावी. सीमांतपूजन एकीवर आणि लग्न दुसरीवर अशी नैसर्गिक वाटणी होते. व्हीएचएसचे चित्र प्रत्येक क्षणी विषम आणि सम रेषा अशा दोन अर्ध्या भागांत असते. डीव्हीडी तसेच चित्र दाखवू शकते, म्हणून डीव्हीडीसाठी ते एकत्र करू नये. चित्राची ४:३ चौकट १६:९ अशी ओढू नये, नाहीतर सगळी वऱ्हाडी मंडळी रुंद दिसतात. डीव्हीडीस्टायलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरने विभागांचा मेनू करता येतो, पण त्यात फार वेळ घालवू नये.

डिस्क चांगल्या कंपनीची घ्यावी, कमाल वेगाऐवजी ४एक्स किंवा ८एक्स वेगाने लिहावी, आणि लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा. नाव डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर मऊ मार्करने लिहावे. चिकटवायची लेबले कालांतराने सुटतात आणि डिस्क असमतोल फिरू लागते. थेट डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवणाऱ्यांनी शेवटी ‘फायनलाइज’ करायला विसरू नये, नाहीतर ती डिस्क दुसऱ्या यंत्रात बहुधा चालणार नाही.

फोनवर आणि टीव्हीत पेनड्राइव्ह लावून पाहण्यासाठी एमपी४ प्रत लागते. येथे दोन्ही अर्धी चित्रे एकत्र करावी लागतात, आणि ती सेकंदाला ५० चित्रांच्या गतीने केली तर हालचाल मूळ फितीसारखी सलग राहते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘बॉब’ हा पर्याय निवडून हे होते. संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने चित्र ‘फोर-के’ करून देणारी साधने आता मिळतात, पण ती चेहऱ्यावर नसलेली रेषा काढतात आणि असलेली मिटवतात. माझ्या आजोबांचा चेहरा त्यातून बाहेर आला तेव्हा तो कोणा दुसऱ्याच गृहस्थांचा होता. गंमत म्हणून करून पाहावे, पण मूळ फाइलीची जागा त्याला देऊ नये. मिक्सिंगमधल्या चित्रपटगीतांमुळे सार्वजनिक संकेतस्थळावर टाकलेला व्हिडिओ अडवला जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

मोठ्या फाइलीच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवावी. फाइलीचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. चित्रातल्या कोपऱ्यात दिसणाऱ्या तारखेवर विश्वास ठेवू नये, कारण कॅमेऱ्याचे घड्याळ त्याची छोटी बॅटरी संपली की मूळ तारखेवर जाई. लग्नपत्रिका सापडली तर तीच खरी साक्ष. पहिल्यांदा पाहताना घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून, कोणत्या मिनिटाला कोण दिसते हे वहीत उतरवून घ्यावे. आमच्या मंडपातल्या पहिल्या रांगेतल्या पाच जणांपैकी दोघांची नावे आता सांगणारे कोणी नाही.

हे सगळे स्वतः करणे शक्य नसेल आणि काम बाहेर द्यायचे असेल, तर आधी एकच कॅसेट द्यावी. दुकानदाराला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: केवळ डीव्हीडी मिळेल की मोठी फाइलही हार्ड डिस्कवर मिळेल, आवाज मूळचाच राहील का, फीत शेवटपर्यंत उतरवणार का, आणि काम ते स्वतः करतात की दुसऱ्या शहरात पाठवतात. कॅसेट पाठवायची असेल तर कुरिअरच्या पाकिटावर न सोडता स्वतः नेऊन द्यावी, आणि पावतीवर कॅसेटींची संख्या लिहून घ्यावी.

काम झाल्यावरही कॅसेट टाकून देऊ नये. आज उतरवलेल्या प्रतीत काही राहून गेले असे उद्या लक्षात आले, तर परत जायला ती एकच जागा आहे. ती पूर्ण मागे गुंडाळून, कव्हरमध्ये घालून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात, स्पीकरपासून दूर आणि माळ्याऐवजी घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात ठेवावी, आणि ती पुडी दरवर्षी पावसाळ्याआधी बदलावी.